दुखत नाहीये तोवरच फिजिओकडे जा

ताई, तुमचा प्रश्न वाचून हसूच आलं, पन्नाशीला मी पण अगदी हेच विचारत होतो. तुमचं वय 52, चढताना काहीच त्रास नाही, सिंहगड उतरताना शेवटी शेवटी पाय लटपटतात, डिसेंबरात कळसूबाई आहे, तर फिजिओकडे आत्ता जाऊ का दुखायला लागल्यावर. आत्ताच जा. मी दुखल्यावर गेलो होतो, घसाऱ्यावर पाय सटकून घोटा मुरगळला, क्रेप बँडेज गुंडाळून तसेच अजून दोन ट्रेक मारले, परत तोच घोटा मुरगळला आणि अख्खा सीझन घरी बसलो.

उतरताना नक्की काय होतं ते तेव्हा कळलं. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून वजन वर ढकलतो, उतरताना तोच स्नायू ताणला जाता जाता ब्रेक मारत असतो, आणि या ब्रेकची सवय नसली की दुसऱ्या दिवशी कमोडवरून उठताना आई आठवते. सपाट रस्त्यावर रोज पाच किमी चाललात तरी ही सवय लागत नाही.

माझ्या फिजिओबाईंनी पहिल्या दिवशी मशीन वगैरे लावलंच नाही. एका पायावर उभं केलं, हात न टेकता 30 सेकंदात खुर्चीतून किती वेळा उठतो ते मोजलं, मग पायरीवर उभं राहून एक पाय हळूहळू खाली टेकवायला लावला आणि आरशात दाखवलं, गुडघा आत वळत होता. कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू ढिला आणि शिव्या खात होता गुडघा! हे व्हिडिओ बघून आपलं आपल्याला कळत नाही, म्हणून एकदा तरी समोर जाऊन दाखवायचं. (नुसता शेक आणि मशीनची दहा सिटिंग सांगून घरचा व्यायाम देत नसतील तर सरळ दुसरीकडे जा, हे आपलं माझं मत.)

मला दिलेलं साधंच होतं, तीनेक सेकंद घेत पायरीवरून पाय खाली टेकवणं, कुशीवर झोपून पाय वर उचलणं, टाचा उचलणं आणि दात घासताना एका पायावर उभं राहणं, बाकीचं आठवड्यातून तीनदा पण हे शेवटचं रोज, घोट्यासाठी. तुम्हाला किती करायचं ते तपासून सांगतील. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून तर घाई करा म्हणतोय. व्यायामात थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शांत झालं तर चालतं, सकाळी जास्त दुखलं तर डोस कमी करायचा. गुडघा सुजला, अडकला किंवा अचानक दगा द्यायला लागला तर मात्र आधी ऑर्थोपेडिक.

"वंगण संपलं" म्हणून घाबरवणारे भेटतील, लक्ष देऊ नका, झीज असली तरी ठरवून दिलेल्या व्यायामाने बहुतेकांना फायदाच होतो. नी-कॅप आधाराला घाला पण तिने स्नायू तयार होत नाही.

कळसूबाई 1646 मीटर, शिड्या आहेत, जाल आरामात. दोन काठ्या घ्या, उतरताना थोड्या लांब करा, पावलं छोटी टाका, आणि पायथ्याच्या बारी गावातून पहाटेच निघा म्हणजे उतरताना मागचे "चला चला" करणार नाहीत.