"मॅडम, नुसता मातीत खेळूलाय, इतिहास कधी शिकणार?"

होमस्कूलिंगवाल्या आईबाबांचा हा प्रश्न ठरलेलाच आहे, म्हणून एक केस सांगते, ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. खानापूरकडची आई, मुलगा अकरा वर्षांचा. "दिवाळीचा किल्ला अजून मोडू देत नाही, नि आमच्या सासूबाई म्हणतात एक सनावळी येत नाही पोराला, दहावी कसा होणार?"

दहावीचं लगेच मिटवलं. एनआयओएस म्हणजे केंद्र सरकारची मुक्त शाळा, तिच्या दहावीला चौदा पूर्ण झाल्यावर प्रवेश मिळतो, अजून तीन वर्षं आहेत. मग किल्ल्याचं विचारलं तर पोरगं सुटलंच, बेळगावचा भुईकोट केलेला, खंदकात पाणी टिकेना म्हणून खाली प्लॅस्टिक घातलं आणि मग आईला विचारलं, तेव्हा प्लॅस्टिक नव्हतं मग पाणी कसं राहिलं? आई खाली बघत म्हणाली, मी गप बस म्हटलं, मलाच माहीत नव्हतं ओ.

मला वाटतं गाडी इथंच अडते. किल्ला, मातीची भांडी, पगडी सगळं करून घेतात, फोटो काढतात, आणि मूल प्रश्न विचारतं तेव्हा आपण घाबरतो. मी म्हटलं, माहीत नाही म्हणा नि जाऊन बघा. गेले दोघं. खंदक मऊ दगडात खोदलेला आहे हे त्यानं स्वतः बघितलं, आतली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, ते पण बघून आले.

सनावळीसाठी मी भिंतीवर तक्ता लावा म्हटलेलं, ते साफ चुकलं, तक्ता पंधरा दिवसांत कपाटामागं. मग दोरी घेतली, एका वर्षाला एक सेंटिमीटर. कमल बस्ती १२०४ ची, तिथं पहिली गाठ. तिथून राणी चन्नम्माची इंग्रजांशी झालेली कित्तूरची लढाई १८२४, म्हणजे सहा मीटर वीस, दोरी सोप्यातून पार परड्यात गेली. आणि कित्तूरपासून गांधीजी अध्यक्ष होते ते बेळगावचं काँग्रेस अधिवेशन, १९२४, फक्त एक मीटर! पोरगं म्हणालं, एवढं जवळ? तक्त्यानं हे कधीच झालं नसतं. मधे कित्तूरपासून सात सेंटिमीटरवर चन्नम्माचा सेनानी संगोळ्ळी रायण्णाची गाठ, इंग्रजांनी त्याला नंदगडला फाशी दिली ते १८३१.

फक्त एक सवय लावायला सांगितली, प्रत्येक गाठीला "कशावरून?" विचारायचं.

पुढच्या वेळी सासूबाई पण आल्या, हसत होत्या. नातवानं त्यांच्या जन्माची गाठ मारायला घेतली, आधारवर १ जून, तर हा म्हणे गल्लीतल्या सगळ्या आज्यांचा १ जूनच आहे, हे मी धरणार नाही, कशावरून सांगा. आजी बराच वेळ आठवत बसल्या, मग म्हणाल्या, "गोवा सुटला तेव्हा मी दुसरीत होते बघ." १९६१ मधून सात वजा करून त्यानं गाठ मारली, जरा सैलच ठेवली, म्हणाला एखादं वर्ष इकडंतिकडं असेल.