उरलेले ८० किलोमीटर

प्रश्न : मागच्या वर्षी पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलचा (मेक्सिको ते कॅनडा बॉर्डरपर्यंतच्या लांबलचक पायवाटेचा) कॅलिफोर्नियातला वाळवंटी भाग करायला निघाले होते, कॅम्पोजवळच्या मेक्सिको बॉर्डरपासून केनेडी मेडोज या छोट्या वस्तीपर्यंत, म्हणजे साधारण ११३० किमी. वॉकर पासला पोचले आणि अंगठ्याचं नख निघालं, बूट घालवेना, आले घरी. उरले फक्त ८० किमी! यंदा मेच्या शेवटी तेवढंच करून टाकू का? नवरा म्हणतो शेवटचा तुकडा आहे, दोन दिवसांत उरकेल.
– एक वाचक, सॅन होजे

उत्तर : ताई, करा की! पण नवरोबांना आधी नकाशा दाखवा. वॉकर पास ही १६०० मीटरवरची खिंड, तिथून निघाल्या निघाल्या चढ, मग ओवेन्स पीकच्या कडेने वर-खाली वर-खाली चालूच, मोहावी वाळवंटात लॉस एंजेलिसच्या पाण्याच्या पाइपावरून कसं सपाट चालला होतात तसलं इथे काही नाही. आणि मुख्य म्हणजे मागच्या वर्षी १०५० किमी चालून पाय तयार झाले होते, आता वर्षभर खुर्चीत बसलेले पाय घेऊन थेट अवघड भागात उतरताय. चार दिवस धरा, निवांत.

पाण्याचं बघा. खिंडीतून निघताना सॅकमध्ये भरपूर पाणी हवं. साधारण १९ किमीवर जोशुआ ट्री स्प्रिंग, मग स्पॅनिश नीडल क्रीक, आणि थेट पन्नाशीच्या आसपास फॉक्स मिल स्प्रिंग. मधे कोरडंच. ८ किमीला एक लिटर हा हायकर लोकांचा हिशोब, उन्हात मी तरी त्यावर एक जास्तच घेते, शिवाय रात्रीच्या जेवणाचं वेगळं. निघायच्या आदल्या दिवशी झऱ्यांचे ताजे रिपोर्ट वाचा, मागच्या वर्षीचे नकोत.

बूट एक साइज मोठे घ्या, पाय सुजतात म्हणून तर नख गेलं. उतारावर घोट्यापाशी लेस घट्ट.

ट्रेलचं लाँग डिस्टन्स परमिट सलग ५०० मैल (साधारण ८०० किमी) किंवा जास्त चालणाऱ्यांनाच, ते तुम्हाला लागू नाही. स्टोव्हसाठी कॅलिफोर्निया कॅम्पफायर परमिट मात्र काढा, ऑनलाइन फुकट मिळतं.

शेवटी शेवटी साउथ फोर्क कर्न लागते, इतक्या दिवसांनी खरीखुरी वाहती नदी, तिथे पाय बुडवून बसा थोडा वेळ. पुढे केनेडी मेडोजच्या दुकानाच्या डेकवर बसलेले हायकर येणाऱ्या प्रत्येकासाठी टाळ्या वाजवतात. तुम्ही फक्त ८० किमी चालून आलात हे त्यांना सांगत बसू नका. आणि गाडी घेऊन नवरोबांना तिथेच बोलवा, दोन दिवसांत नाही, चौथ्या दिवशी!