आधी जंतू, मग एमआरएनए

छत्रपती संभाजीनगर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

टीबीवरच्या एमआरएनए लशीचा तुझा पीएच.डी.चा आराखडा वाचला. निम्म्याहून जास्त पानं एमआरएनए (पेशीला प्रथिन बनवायचा निरोप देणारा रेणू) आणि तो वाहून नेणाऱ्या लिपिडच्या, म्हणजे चरबीच्या कणांवर, टीबीच्या जंतूवर जेमतेम एक. हे उलटं कर.

कोविडमध्ये निशाणा ठरलेला होता. विषाणूच्या अंगावरचं स्पाइक हे एकच प्रथिन, आणि त्याला अडवणाऱ्या अँटिबॉडी रक्तात मोजता येत होत्या. टीबीच्या जंतूत सुमारे ४,००० जनुकं आहेत. त्यातली कुठली घ्यायची, यातच निम्मी पीएच.डी. आहे. शिवाय ज्या मॅक्रोफेजने, म्हणजे शरीराच्या भक्षक पेशीने, जंतूला गिळून मारायचं, तिच्याच पोटात हा बिऱ्हाड थाटतो. तिथे मुख्य भिस्त अँटिबॉडींवर नाही, तर टी-पेशी या लढाऊ पांढऱ्या पेशींवर. पण लस लागू पडली हे छातीठोकपणे सांगणारी रक्ततपासणी अजून नाही. एमव्हीए८५ए या टीबीच्या प्रायोगिक लशीने टी-पेशी जाग्या केल्या होत्या, तरी दक्षिण आफ्रिकेतल्या बाळांवरच्या चाचणीत (निकाल २०१३चा) बीसीजी या टीबीच्या जुन्या लशीवर तिची भर पडलीच नाही. तो पेपर दोनदा वाच.

डीएनए लशींचं म्हणशील तर १९९०च्या दशकातच एचएसपी६५, एजी८५ या जंतूच्या प्रथिनांची जनुकं प्लास्मिडमध्ये (डीएनएच्या छोट्या गोल कड्यात) घालून उंदरांना टोचून झाली. उंदरांत फायदा दिसला. माणसांत डीएनए लशीचा प्रतिसाद बहुतेकदा फिकाच पडत आलाय. म्हणून नेहमीच्या उंदराच्या आलेखावर भाळू नकोस. माणसासारख्या सडलेल्या गाठी त्याच्या फुप्फुसात सहसा होत नाहीत, गिनीपिगमध्ये होतात. आणि हो, तुझ्या प्रयोगातला एकही उंदीर बीसीजी घेतलेला नाही! आपल्याकडे बीसीजी जन्मतःच टोचतात. तुझी लस त्यावरच चढणार, तर तसा गट हवाच.

डोसचाही विचार आत्ताच कर. दिवाळीच्या आगेमागे बीड-धारूरकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात, त्या परततात उन्हाळ्यात. महिन्याने दुसरा डोस द्यायला तांड्यावर असेल कोण? उणे तापमानाचा फ्रीझरही तिथे नाही. पुण्याच्या जेनोव्हाने कोविडची एमआरएनए लस सुकवून २ ते ८ अंशांत ठेवण्याजोगी केली, तिला २०२२ मध्ये परवानगीही मिळाली. ते तंत्र नीट बघ.

टीबीच्या जिवंत जंतूचं काम बीएसएल-३, म्हणजे कडक जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळेशिवाय होत नाही. ती कुठे मिळेल, गिनीपिगची सोय कोण करील, हे गाईडना आधी विचार आणि मगच वेळापत्रक मांड. नवा मसुदा आला की प्रतिजनांचा, म्हणजे लशीसाठी निवडलेल्या जंतूच्या प्रथिनांचा भाग मी पहिल्यांदा वाचीन.

तुझे,
सर