रात्रभर फिल्म बघणारा रूममेट

प्रश्न: दादा नमस्कार, तुमचं सदर नेहमी वाचते. माझा मुलगा अमेरिकेत एमएस करतोय, त्याचा रूममेट तिथल्या कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये 'जीए' आहे म्हणे. तो पोरगा रात्री दोन-दोनपर्यंत फिल्म बघत बसतो आणि पहाटे पाचला बाहेर पडतो. मला आधी वाटलं पिक्चरचा शौकीन दिसतोय, तर मुलगा हसायलाच लागला. आता तोही रूममेटला एक्सेलमध्ये काहीबाही करून देतो आणि परवा फोनवर म्हणाला, आई, यातही करिअर असतं, हेड कोचला कुलगुरूंपेक्षा जास्त पगार असतो. खरंय का हे? आणि माणूस तिथपर्यंत पोचतो कसा? — एक आई, नाशिक

उत्तर: ताई, पगाराचं खरंय. आधी एक सांगतो, हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नाही, हेल्मेट-पॅड घालून एकमेकांवर आदळायचा, तो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर गव्हर्नर नसतो, सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल नाहीतर बास्केटबॉल कोच असतो. अलाबामा विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाच्या वर माणसं बसतात, वर टीव्हीचे पैसे, माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या, तर तिथून निघतो हा पगार.

पण तो झाला शेंड्याचा हिशोब. रूममेट आहे ती बुंध्याची जागा. जीए म्हणजे ग्रॅज्युएट असिस्टंट, फी माफ, थोडा स्टायपेंड, नावाला मास्टर्सचा अभ्यास आणि काम विचारूच नका. ती 'फिल्म' म्हणजे पुढच्या शनिवारी ज्यांच्याशी मॅच आहे त्यांच्या मागच्या मॅचचं रेकॉर्डिंग. एकेक प्ले, म्हणजे एकेक चाल, थांबवून नोंदवायचा, कितवा डाउन (दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात, त्यातला कितवा), किती यार्ड बाकी, बॉल मैदानाच्या डाव्या अंगाला की उजव्या, रिसीव्हर, म्हणजे फेकलेला बॉल झेलणारे, किती आणि कुठे उभे. एका मॅचमध्ये असे शंभराच्या वर प्ले. आणि एवढं करून वरच्या कोचला हवं असतं एका ओळीचं उत्तर, की तिसरा डाउन आणि सात यार्ड बाकी असताना हे लोक करतात काय. तुमचा मुलगा एक्सेलमध्ये बहुतेक हेच करून देतोय. मग तेच प्ले जाड मार्करने कार्डांवर काढायचे आणि प्रॅक्टिसला कार्ड उंच धरून उभं राहायचं, म्हणजे राखीव पोरं ते बघून समोरच्या टीमची नक्कल करतात. कार्डावर एक गोल चुकीच्या जागी पडला की सगळ्यांसमोर शिव्या जीएला.

आता वर कसं जायचं? जीए, मग एखाद्या पोझिशनचा, म्हणजे एकाच जागी खेळणाऱ्यांचा कोच, मग कोऑर्डिनेटर म्हणजे अख्ख्या ऑफेन्सचा (हल्ल्याचा) किंवा डिफेन्सचा (बचावाचा) प्रमुख, मग हेड कोच. कागदावर शिडी वाटते पण असते एसटीच्या बदल्यांसारखी. अलाबामाचा गाजलेला कोच निक सेबन, त्याचं बघा. १९७३ मध्ये हा केंट स्टेट विद्यापीठात जीए झाला, तोही बायकोचं कॉलेजचं एक वर्ष राहिलं होतं म्हणून थांबला तेव्हा, कोच व्हायचं डोक्यातसुद्धा नव्हतं. मग सिरॅक्यूज, वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो स्टेट, नेव्ही, मिशिगन स्टेट, मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगमधली ह्यूस्टन ऑयलर्स, आणि पहिल्यांदा हेड कोच झाला १९९० मध्ये टोलेडोला. सतरा वर्षं! तिथेही एकच सीझन राहिला. अलाबामाने २००७ मध्ये आठ वर्षांचं, वर्षाला ४० लाख डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट दिलं तेव्हा लोकांचे डोळे पांढरे झाले होते, आणि २०२४ च्या जानेवारीत रिटायर होईपर्यंत त्याने तिथेच सहा चॅम्पियनशिप जिंकून दाखवल्या.

पण मला विचाराल तर सेबनपेक्षा त्याच्या हाताखालचा कर्ट सिग्नेटी जास्त शिकवून जातो. २००९ ची चॅम्पियनशिप जिंकलेल्या अलाबामाच्या स्टाफमध्ये हा रिसीव्हर कोच होता, सगळ्यात मोठ्या दुकानात मस्त नोकरी. ४९ व्या वर्षी ती सोडली आणि कमी पगारावर डिव्हिजन टू या खालच्या श्रेणीतल्या इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियाला हेड कोच म्हणून गेला (नावात इंडियाना असलं तरी हे गाव पेनसिल्व्हेनियात आहे, मीसुद्धा एकदा फसलोय), जिथे पूर्वी त्याचे वडील कोच होते. तिथून इलॉन, मग जेम्स मॅडिसन, आणि २०२३ च्या शेवटी खऱ्या इंडियाना राज्यातल्या इंडियाना विद्यापीठाने बोलावलं तेव्हा वय ६२. ती टीम आदल्या सीझनला ३ जिंकून ९ हरलेली, याने पहिल्याच वर्षी ११ जिंकल्या, २ हरल्या आणि थेट प्लेऑफ, म्हणजे चॅम्पियनशिपची बाद फेरी. म्हणजे कुठल्या मोठ्या नावाच्या सावलीत किती वर्षं काढली याला किंमत आहेच, पण स्वतः टीम चालवून दाखवली का, हे शेवटी विचारतातच. आणि ती चालवायला मिळते लहान गावात.

घरच्यांचं काय होतं ते मी जवळून बघितलंय. मी ओहायोत होतो तेव्हा शेजारी एक असिस्टंट कोच राहायचा. हेड कोचला काढलं की बहुतेक वेळा अख्खा स्टाफच जातो, नवा माणूस आपली माणसं घेऊन येतो. नोव्हेंबरअखेर बातमी आली आणि जानेवारीत दारात ट्रक उभा, मुलगी सहावीत आणि ही तिची चौथी शाळा. त्याच जानेवारीत देशभरच्या कोचेसचं अधिवेशन असतं, आणि हॉटेलच्या लॉबीत नोकरी गेलेले पन्नाशीचे कोच आणि कोवळे जीए हातात बायोडेटा घेऊन घुटमळत असतात. आपला वधूवर मेळावा डोळ्यासमोर आणा.

तुमच्या मुलाचं म्हणाल तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, आणि रूममेट तेवढं दोन दिवसांत करत असेल. त्यामुळे एमएस तर पूर्ण करू दे. पण टीमना हल्ली आकडेवारी बघणारी माणसं लागतात, तेव्हा एक्सेल अगदी वाया चाललंय असंही समजू नका. आणि त्या रूममेटला रविवारी घरचं वरण-भात खायला घालायला सांगा, शनिवारची मॅच झाली की रविवारी परत फिल्मच असते.

प्रश्न: मी कधीच कॉलेजकडून फुटबॉल खेळलो नाही, फक्त बघतो. मला कोच होता येईल का? — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, न्यू जर्सी

उत्तर: अवघड आहे, पण झालेत लोक. माईक लीच कॉलेज फुटबॉल खेळलाच नव्हता, रग्बी खेळायचा, वर पेपरडाइनमधून वकिलीची डिग्री घेतलेली. वकिली सोडून लहानसहान कॉलेजांत कोचिंग केलं, १९८९ मध्ये तर चक्क फिनलंडमध्ये जाऊन टीम सांभाळली, आणि २००० मध्ये टेक्सास टेकचा हेड कोच झाला. पासिंगवर, म्हणजे बॉल फेकण्यावर, भर देणारा त्याचा ऑफेन्स पुढे कितीतरी जणांनी उचलला. तुझ्या आईवडिलांना फिनलंडचं मात्र तूच सांग, माझं नाव नको घेऊस.