ताईंनी मागितली होती ती तुमची आवड

पत्र : मी गेली १८ वर्षे ध्वनिमुद्रणांत आणि मैफलींत बेस गिटार वाजवतो. माझी मोठी बहीण नुकतीच निवृत्त झाली. ‘तुझे आवडते अल्बम सांग, आता ऐकायला वेळ आहे,’ असे ती म्हणाली, तेव्हा मी तिला जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’पासून सुरू होणारी २० नावांची यादी पाठवली. तिने ती महिनाभर नेटाने ऐकली आणि परवा म्हणाली, ‘मला संगीतातले काही कळत नाही, असे दिसते.’ खरे तर त्यातले निम्मे अल्बम मीच कित्येक वर्षांत ऐकलेले नाहीत. ज्याच्याकडे मी पुन्हा पुन्हा वळतो, तो हलक्याफुलक्या वाद्यसंगीताचा अल्बम मात्र लाजेने वगळला. आता तिला काय सांगू?

उत्तर : ताईंना आहे तसे खरे सांगा, आणि ते याच आठवड्यात सांगा. ‘मला कळत नाही’ असे एकदा मनाने घेतले की माणूस हळूहळू ऐकणेच सोडून देतो. व्हायोलिन शिकवण्याच्या इतक्या वर्षांत मी असे कितीतरी उत्सुक कान मिटताना पाहिले आहेत आणि त्याचे मला अजून वाईट वाटते. त्यांनी विचारले होते ते तुम्हाला काय आवडते हे, आणि तुम्ही पाठवलेत ते इतर वादकांसमोर तुमची शोभा राखणारे उत्तर. चूक यादीची होती, त्यांच्या कानांची नव्हती, हे त्यांना तुमच्याच तोंडून कळले पाहिजे.

यादीतली नावे वाईट आहेत, असे मात्र मी मुळीच म्हणणार नाही. ‘काइंड ऑफ ब्लू’चेच पाहा. १९५९ साली, २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोनच दिवसांत ध्वनिमुद्रित झालेल्या या अल्बमच्या पहिल्याच रचनेत, पियानो आणि बेस यांची एक संथ, चाचपडत चालल्यासारखी सुरुवात झाली की मुख्य धून वाजवतो तो पॉल चेंबर्सचा बेस, आणि बिल इव्हान्सचा पियानो त्याला दोन कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या दोन गुच्छांत, उत्तर देतो; ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन त्या उत्तरात सामील होतात ते नंतर. एरवी सगळ्यांच्या मागे उभे राहणारे तुमचे वाद्य इथे बोलायला सुरुवात करते आणि बाकीचे त्याला होकार देतात. ही जागा तुम्ही ताईंना दाखवली होती का? आपला भाऊ आयुष्यभर जे वाजवत आला ते नेमके कोणते काम, हे त्या एका मिनिटात ज्या बहिणीला ऐकू येईल, ती उरलेला अल्बम वेगळ्याच कानांनी ऐकेल.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. माझा स्वतःचा सर्वांत लाडका ठेवा म्हणजे संगीतकार बाखच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ची पियानोवादक ग्लेन गूल्डने केलेली दोन ध्वनिमुद्रणे, एक १९५५चे आणि दुसरे १९८१चे. अनेक वर्षे मी विद्यार्थ्यांना नुसती नावे सांगत असे आणि त्यावर बोलायला कुणीही परत येत नसे. मग एका मुलीला मी एवढेच सांगितले, की दोन्हींतली फक्त पहिली धून ऐक : बावीस वर्षांचा गूल्ड ती दोन मिनिटांच्या आत संपवतो आणि तोच माणूस, मृत्यूच्या आदल्या वर्षी, तिच्यावर तीन मिनिटांहून अधिक रेंगाळतो, आणि वाजवताना त्याचे गुणगुणणेही ऐकू येते. ती मुलगी पुढच्या तासाला आली ती दोन्ही ध्वनिमुद्रणे शेवटपर्यंत ऐकून, आणि म्हातारपणीच्या कोणत्या जागा तिला पटल्या नाहीत, याची तक्रार घेऊनच. (गूल्ड पन्नासाव्या वर्षीच गेला, पण तिच्या लेखी तो म्हाताराच होता.)

म्हणून नव्या चिठ्ठीत तीनच नावे लिहा आणि प्रत्येकापुढे, तो अल्बम तुम्ही पहिल्यांदा केव्हा ऐकलात आणि त्यातल्या कोणत्या जागेसाठी त्याच्याकडे परत जाता, हे दोन-दोन वाक्यांत लिहा. त्यांपैकी एक तो वगळलेला अल्बम असू द्या. साध्या वाद्यसंगीतात व्हायोलिनच्या ताफ्याखाली बेसची ओळ किती जपून चालवावी लागते, हे तुमच्याइतके कोण जाणते? तुम्ही त्याच्याकडे परत जाता त्यामागे काही कारण निश्चित आहे आणि ते शोधून लिहिताना तुमची लाजही बहुधा कमी होईल. तिसरे नाव सुचत नसेल, तर ‘कॉल ऑफ द व्हॅली’चा विचार करा. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार त्यात एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत उलगडतात, त्यामुळे नव्या श्रोत्याला धरून चालायला एक वाट मिळते. अर्थात, तो तुम्हाला मनापासून आवडत असेल तरच.

यांतला एक अल्बम ताईंच्या शेजारी बसून ऐका. वाजत असताना काही समजावू नका, आणि संपल्यावर ‘आवडला का?’ असे न विचारता ‘काय ऐकू आले?’ असे विचारा. त्यांनी केवळ एखाद्या वाद्याचे नाव विचारले, तरी संभाषण सुरू झाले असे समजा. एखादा अल्बम नाही आवडला, तर वाद घालू नका. आणि तुम्ही लहान असताना त्या घरात काय ऐकत असत, तेही त्यांना विचारून घ्या, आणि त्यांनी सांगितलेले अल्बम त्यांनी तुमची यादी ऐकली तितक्याच नेटाने, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका.