४३३ मेगाहर्ट्‌झसाठी घरी बनवलेली यागी अँटेना गच्चीवर टिकेल का? किती एलिमेंट घ्यावेत?

दोन किलोमीटरवरच्या सेन्सरचा सिग्नल नीट पकडायचाय, त्यासाठी दहा एलिमेंटची यागी (बूम नावाच्या दांडीवर ओळीनं दहा सळ्या बसवलेली, एकाच दिशेला जोर देणारी अँटेना) करू का, असं तुम्ही विचारलंय. तीनच करा. वाचलेली मेहनत उंचीवर आणि केबलच्या जोडावर घाला.

एलिमेंट वाढवायचे तर बूम लांबवावी लागते, आणि तिची लांबी दुप्पट केली तरी जेमतेम ३ डीबी (डेसिबल, सिग्नलच्या ताकदीतली वाढ-घट मोजायचं एकक) हाती लागतात. उलट रेडिओलहरीला दोन टोकांमध्ये पखवाजासारखी, मधे फुगलेली मोकळी जागा लागते. ४३३ मेगाहर्ट्‌झला २ किलोमीटरच्या मध्यावर तिची त्रिज्या साधारण १८ मीटर भरते. तिचा निदान ६० टक्के भाग, म्हणजे ११ मीटर, मोकळा हवा. समोर झाडं दिसत असतील तर आधी खांब उंच करा, मग एलिमेंट मोजा.

आता मापं. ४३३.९ मेगाहर्ट्‌झची तरंगलांबी ६९.१ सेंटिमीटर. ४ मिलिमीटरची पितळी सळी आणि लाकडी बूम धरून रिफ्लेक्टर (मागची सळी) ३४.२, मधला डायपोल (याला केबल जोडायची) ३२.७ आणि डायरेक्टर (पुढची, सेन्सरकडची सळी) ३०.४ सेंटिमीटर. सळ्यांमधली दोन्ही अंतरं सुमारे १३.८. डायपोल मधोमध कापून दोन भागांत १ सेंटिमीटर फट ठेवा. ती धरूनच ३२.७. ही सुरुवातीची मापं आहेत, म्हणून डायपोल थोडा लांब ठेवा आणि मोजत मोजत कापा. इथे १ सेंटिमीटर कापलं की अँटेनाची फ्रिक्वेन्सी सरकते सुमारे १३ मेगाहर्ट्‌झ, तेव्हा एका वेळी मिलिमीटरभरच. (या रचनेवर जपानमध्ये १९२६ च्या सुमारास बरंचसं काम शिन्तारो उदा यांनी केलं, नाव मात्र त्यांचे प्राध्यापक यागी यांचं झालं.)

अॅल्युमिनियम हलकं असतं, पण त्याला साधं सोल्डर धरत नाही आणि तांब्याची तार त्याला थेट आवळली की पावसात तो जोड खराब होतो. म्हणून पितळ. लाकूड वाळलेलं घ्या, वर वॉर्निशचे दोन हात.

सेन्सरची अँटेना उभी असेल तर तुमचे एलिमेंटही उभेच हवेत. आडवे ठेवलेत तर २० डीबीपर्यंत घाटा होऊ शकतो. पण एलिमेंट उभे केले की लोखंडी खांब त्यांना समांतर येतो आणि सगळं बिघडवतो. म्हणून बूम रिफ्लेक्टरच्या मागे थोडी वाढवा आणि खांबाला तिथे पकडा. फीडजवळ (केबल डायपोलला जोडते तिथे) केबलवर दोन-तीन फेराइट मणी ओवा, नाहीतर केबलची बाहेरची तारांची जाळीच अँटेना बनते आणि दिशा उरत नाही.

माझी पहिली यागी वर्षभरानं बहिरी झाली. खाली मीटर लावला तर एसडब्ल्यूआर (केबलमधून किती शक्ती परत येते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे काहीच परत येत नाही) १.३, म्हणजे झकास. मी रिसीव्हर बदलला, सेन्सरची बॅटरी बदलली. शेवटी वैतागून केबल कापली, तर जाळी वीतभर काळीहिरवी पडलेली. फीडपाशी शिरलेलं पाणी जाळीतून वातीसारखं खाली उतरलं होतं. ओली केबल जाणारी शक्ती गिळते आणि परत येणारीही गिळते, म्हणून मीटरला काही परत आलेलं दिसत नाही आणि तो खूश असतो! तेव्हापासून केबल कोरी असतानाच तिचं वरचं टोक मोकळं ठेवून खालून एसडब्ल्यूआर मोजतो आणि लिहून ठेवतो. टोक मोकळं असलं की शक्ती परत यायलाच हवी, म्हणजे आकडा मोठा हवा. दरवर्षी पुन्हा तसंच मोजायचं. आकडा १ कडे सरकला तर केबल गेली.

जोडावर स्वतःलाच चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा, त्यावर साधी टेप. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन तांब्याला खातं, ते नको. फीडचा डबा असेल तर त्याला खाली बारीक भोक ठेवा. पाणी आत येणारच, ते बाहेर जाऊ द्या. घरात शिरण्याआधी केबलला खाली लोंबता फेरा द्या. आणि आरजी-५८ ही बारीक केबल दहा मीटर टाकणार असाल तर थांबा, ती या फ्रिक्वेन्सीला निम्म्याहून जास्त सिग्नल खाते. जमल्यास रिसीव्हरच डब्यात घालून खांबावर न्या.

खांब कोसळला तर विजेच्या तारांवर पडणार नाही अशा जागी उभा करा, त्याला अर्थिंग द्या, वादळ येताना केबल काढा. पुढेमागे यावरून प्रक्षेपण करणार असाल तर तुमच्या देशातली शक्तीमर्यादा अँटेनाचा गेन (एका दिशेला ती सिग्नल किती वाढवते तो आकडा) धरून आहे का, ते आधी बघा.

दिशा लावताना सर्वांत जोरदार जागा शोधत बसू नका. तीन एलिमेंटचा झोत साठेक अंशांचा, त्याचा माथा बोथट असतो. डावीकडे वळवत सिग्नल ठळकपणे कमी होईल तिथे खांबावर खूण करा, मग उजवीकडे तेवढाच कमी होईल तिथे, आणि दोन खुणांच्या बरोबर मधे बोल्ट आवळा.