मंचामागून : वाचकांचे प्रश्न, तंत्रज्ञांची उत्तरं

हिवाळा आला की उघड्या आकाशाखालच्या महोत्सवांचा हंगाम सुरू होतो. पुण्यात सवाई, मुंबईत काळा घोडा आणि शहराशहरांतले कितीतरी लहान-मोठे महोत्सव. या महिन्यात आलेले बहुतेक प्रश्न मंचावर चढणाऱ्यांचे आहेत, म्हणून जास्त जागा त्यांना दिली आहे. उत्तरं ध्वनी, प्रकाश आणि रंगमंच व्यवस्था पाहणाऱ्यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न : आमचा नाट्यसंगीताचा सात जणांचा संच आहे : गायक, गायिका, तबला, ऑर्गन, व्हायोलिन, झांज आणि निवेदक. मुंबईच्या एका महोत्सवात खुल्या मंचावर ४० मिनिटं मिळाली आहेत. आमच्या आधी ड्रमसेटवाला बँड आहे आणि मध्ये फक्त १५ मिनिटं. दुपारी साउंड चेक मिळणार नाही असं कळवलंय. कसं निभावेल? (सांगली)

निभावेल, पण त्याची तयारी सांगलीतच व्हायला हवी. महोत्सवात पूर्ण साउंड चेक फार थोड्यांना मिळतो. बाकीच्यांच्या वाट्याला लाइन चेक येतो, म्हणजे प्रत्येक माईक आपापल्या चॅनेलवर (ध्वनी टेबलावरच्या त्याच्या जागेवर) बोलतो की नाही एवढंच पाहणं. तुमच्या संचाला त्यासाठी तीन मिनिटं पुरतील. फक्त दोन कागद आयोजकांच्या ध्वनी विभागाकडे आठवडाभर आधी पोहोचले पाहिजेत.

पहिला कागद चॅनेलच्या यादीचा. तुमची यादी अशी होईल : १ गायक, २ गायिका, ३ तबला, ४ डग्गा, ५ ऑर्गन, ६ व्हायोलिन, ७ इलेक्ट्रॉनिक तानपुरा, ८ झांज, ९ निवेदक. प्रत्येकासमोर बसून की उभं, उंच स्टँड की बुटका, हे लिहा. बैठ्या गायकासमोर उंच स्टँड आला की तो बदलण्यात दोन मिनिटं जातात. तानपुऱ्याच्या छोट्या स्पीकरपुढे माईक लावू देऊ नका. डीआय बॉक्स (वाद्याचा आवाज वायरीतून थेट ध्वनी टेबलाकडे नेणारी डबी) मागा आणि हेडफोनच्या भोकातून पाव इंची जॅकवर जाणारी वायर स्वतःची न्या. ही वायर मंचावर कधीच सापडत नाही. तानपुरा मोबाईलवरचा असेल तर फोन फ्लाइट मोडवर टाका.

दुसरा कागद बैठकीच्या नकाशाचा. त्यावर 'प्रेक्षक इकडे' असं खाली मोठ्या अक्षरांत लिहा. नुसतं 'तबला उजवीकडे' लिहिलं की कुणाच्या उजवीकडे, यावर मंचावर घोळ होतो. मंचवाले कलाकाराची उजवी बाजू धरतात, तुमचा माणूस प्रेक्षकांतून पाहून सांगत असतो. बैठकीसाठी १२ फूट बाय ८ फुटांची, फूटभर उंच, चाकांची लेव्हल (सरकता चौथरा) मिळेल का ते विचारा. मिळाली तर बँड वाजत असतानाच तिच्यावर गालिचा, स्टँड आणि माईक विंगेत लावून ठेवता येतात. मग पंधरा मिनिटं चैनीची वाटतात.

लेव्हल नसेल तर वेळ अशी वाटा. पहिली चार मिनिटं बँडची. तोवर मंचावर पाऊल टाकू नका. पुढची चार बसणं आणि माईक लावणं, तीन लाइन चेकची, तीन मॉनिटरची (कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या मंचावरच्या स्पीकरची). शेवटचं मिनिट शांत राहा. लाइन चेकला 'हॅलो, हॅलो' करू नका. ज्या पट्टीत आणि ज्या जोरात गाणार, तशी एक ओळ पूर्ण आवाजात गा. हळू बोलून आवाजाची पातळी लावली की पहिल्याच तानेला आवाज फुटतो. ध्वनी पाहणाऱ्याशी तुमच्यातल्या एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी हातवारेही नाहीत.

ऑर्गनची काळजी वेगळी. कोरड्या हवेतून समुद्राकाठी आलं की लाकूड फुगतं, एखादी पट्टी अडकते आणि सूर लागून राहतो. विंगेत आल्या आल्या सगळ्या पट्ट्या क्रमाने दाबून पाहा. पायट्यांचा धपधप आवाज प्लायवूडच्या मंचातून थेट माईकच्या स्टँडमध्ये चढतो, म्हणून ऑर्गनखाली जाड रबराची चटई हवीच. माईक मागून, जिथून सूर बाहेर पडतो त्या बाजूने, वीतभर अंतरावर.

४० मिनिटांत ३४ मिनिटांचं गाणं बसवा. सुरुवात नांदीने करायची असेल तर आधी अर्धं मिनिट ऑर्गन आणि तबल्यावर लेहरा वाजू द्या. तेवढ्यात समोर ध्वनी टेबलावर बसलेला माणूस दोन्हींची पातळी धरतो आणि मग सगळे गळे एकदम आले तरी गडबडत नाही. 'पंचतुंड नररुंडमालधर' एकदम सगळ्या माईकवर सुरू झालं आणि चार उघडे माईक एकाच वेळी शिटी मारू लागले, की ती नांदी वाया गेली म्हणून समजा.

प्रश्न : आमचं लावणीचं पथक आहे. मैदानात संध्याकाळी अर्ध्या तासात ढोलकी आणि तबला उतरतात. मॉनिटर वाढवायला सांगितला की शिटी वाजते. दोष कुणाचा? (कोल्हापूर)

ढोलकी उतरते ती हवेमुळे. सूर्य बुडाला की तापमान घटतं, हवेतली आर्द्रता चढते, दव पडू लागतं. चामडं ओलावा पितं, सैल पडतं आणि सूर खाली येतो. दुपारी चारला लावलेली ढोलकी रात्री आठला त्याच सुरात राहणार नाही, कितीही चांगली असली तरी. वाद्य मैदानातच, अंधार पडल्यावर लावा. पाळी येईपर्यंत जाड चादरीत गुंडाळून ठेवा. विंगेत शंभर वॉटचा जुना पिवळा दिवा टांगून दोन फुटांवर वाद्य ठेवलं तर चामडं कोरडं राहतं. त्याहून जवळ नेऊ नका, शाई तडकते. एलईडी दिव्याला ऊब नसते, त्याचा इथे उपयोग नाही. नटबोल्टची ढोलकी असेल तर पाना वादकाच्या खिशात हवा, पेटीत नव्हे. तबल्याला दुसरी पुडी चढवत बसण्यापेक्षा दुसरा तबलाच न्या. काही वादक उतरेल म्हणून आधीच वर चढवून ठेवतात. आम्हाला ते पटत नाही. पहिली दहा मिनिटं गाणारी बेसूर ठरते आणि लोक तिलाच बोल लावतात.

आता शिटी. माईकला मॉनिटरचा आवाज ऐकू येतो, तो पुन्हा मॉनिटरमधून बाहेर पडतो, पुन्हा माईकमध्ये शिरतो. ही फेरी वाढत गेली की शिटी. उपाय आधी जागेचा, नंतर बटणांचा. शुअर एसएम ५८ सारखा माईक पाठीमागून बहिरा असतो, म्हणून मॉनिटर त्याच्या अगदी शेपटीकडे हवा. बीटा ५८ पाठीमागून थोडं ऐकतो आणि तिरक्या बाजूंनी बहिरा असतो, तिथे मॉनिटर शेपटीच्या रेषेपासून साठेक अंश बाजूला सरकवावा लागतो. दोन्ही माईक दिसायला सारखे, त्यामुळे चूक नेमकी इथे होते. माईकची जाळी मुठीत धरली की तो सगळीकडून ऐकू लागतो. लावणी म्हणताना ही सवय मोडाच.

मॉनिटरमध्ये सगळं मागू नका. फक्त गळा आणि पेटी मागा. ढोलकी तीन हातांवर वाजतेय, ती मॉनिटरमधून कशाला हवी? उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली की शिटीपूर्वीची मोकळीक तीन डेसिबलने घटते, म्हणून जो गात नाही त्याचा माईक बंद ठेवायला सांगा. घुंगरांच्या पायांखालचा प्लायवूड स्वतःच नगाऱ्यासारखा वाजतो. ढोलकीचं स्टँड त्या फळ्यांवर न ठेवता शेजारच्या लेव्हलवर ठेवा आणि गळ्याच्या चॅनेलला शंभर हर्ट्झखालचा खर्जातला आवाज कापायला सांगा. नऊवारीच्या पदरावर लावलेला कॉलर माईक खसखस करणारच. नाचत गायचं असेल तर कानावरून गालाशी येणारा माईक घ्या.

प्रश्न : फेब्रुवारीच्या सुरुवातीला दक्षिण मुंबईतल्या एका बागेत आमची ४५ मिनिटांची एकांकिका आहे. वेळ संध्याकाळी ६.३०. तीन ब्लॅकआउट आहेत. जमतील का? (नाशिक)

पहिले दोन काढून टाका. त्या दिवसांत मुंबईत सूर्यास्त साधारण ६.३५ च्या आसपास होतो आणि आकाशातला उजेड सातपर्यंत पुरतो. त्यात ब्लॅकआउट म्हणजे दिवे विझलेत आणि नट सामान हलवताना सगळ्यांना दिसतायत. बदल उघड, लयीत, एखाद्या तालवाद्यावर बसवा. रात्रीचा प्रसंग सातनंतर येईल अशी जुळणी करा.

त्या अर्ध्या तासात झाडांवर कावळे आणि साळुंक्या बसायला येतात आणि भयंकर कालवा करतात. हळू आवाजातला प्रवेश तिथे ठेवू नका. शेजारच्या रस्त्यावरचे हॉर्न वेगळेच. नटांना माईक लागतील, आणि ते शर्टावर लावण्यापेक्षा कपाळावर केसांच्या रेषेत लावा : मान वळली तरी तोंडापासूनचं अंतर बदलत नाही. ट्रान्समीटर (बिनतारी माईकच्या अंगावरच्या डब्या) पातळ पिशवीत गुंडाळा, घामाने बंद पडतात. बॅटऱ्या प्रत्येक प्रयोगाला नव्या. दोन नट मिठी मारतात तेव्हा एकच आवाज दोन माईकमध्ये जातो आणि पोकळ, डब्यातून आल्यासारखा ऐकू येतो. तेवढ्यापुरता एक माईक खाली करावा लागतो. म्हणून ध्वनीवाल्याला नटांच्या जा-ये लाल शाईने खुणावलेली संहिता द्या.

रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र एकांकिकेलाही लागतं. बाग आहे, तिकीट नाही म्हणून सुटका नाही.

प्रश्न : कॅबरे म्हणजे आम्हाला हिंदी सिनेमातला नाच आठवतो. परदेशी महोत्सवांत त्याचा स्वतंत्र विभाग असतो तो काय? मराठीत करता येईल? (ठाणे)

सिनेमातल्या नाचाशी त्याचा संबंध थोडाच. १८८१ मध्ये पॅरिसच्या मोंमार्त्र भागात 'ल शा न्वार' उघडलं, १९०१ मध्ये बर्लिनमध्ये 'युबरब्रेट्ल'. टेबलांभोवती बसलेले लोक, हाताच्या अंतरावर गाणारा, गाण्यांमधून बोलणारा सूत्रधार, राजकारणावर बोचरी कवनं. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला २००१ पासून फक्त कॅबरेचा महोत्सव भरतो. आपल्याकडची सख्खी बहीण म्हणजे संगीत बारी : समोर बसलेल्याच्या डोळ्यांत पाहून गाणं, फर्माईश, अदा. तमाशातली बतावणीही त्याच जातीची. मराठीत तो अगदी करता येईल, आणि आम्हाला वाटतं करायलाच हवा.

जागा ६० ते १०० माणसांची. त्याहून मोठी झाली की तो साधा गाण्याचा कार्यक्रम होतो. प्रेक्षकांवरचा उजेड पूर्ण घालवू नका, पाव भागाइतका ठेवा; गाणाऱ्याला चेहरे दिसले पाहिजेत, त्यावरच पुढचं वाक्य ठरतं. माईक हातातलाच घ्या. कुजबुजताना ओठांशी, वरच्या सुरात वीतभर लांब, हा खेळ गालावरच्या माईकने होत नाही. टेबलांमध्ये फिरताना लाउडस्पीकरच्या पुढे गेलात तर शिटी ठरलेली, म्हणून फिरण्याची वाट आधी माईक हातात घेऊन चाला आणि जिथे शिटी येते तिथे जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा. गाणं चालू असताना चहा-कॉफी देणं थांबवा; सगळ्यात दुःखी ओळीला कप वाजतो.

प्रश्न : दहाचा नियम नेमका काय? आणि जुनी पदं गायला परवानगी लागते का? (पुणे)

ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहाला सवलत आहे. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी राज्य शासन वर्षात एकूण १५ दिवस रात्री १२ पर्यंत मुभा देऊ शकतं. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात, आणि जुन्या शहरांचे मध्यभाग अशा इमारतींनी भरलेले आहेत. पूर्वी पहाटेपर्यंत चालणारा सवाई गंधर्व महोत्सव याच मर्यादेत बसवावा लागला. उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळेला उघड्या मांडवात ऐकणं जवळपास संपलं, याची हळहळ वाटते.

पदांचं असं : कवी आणि संगीतकार दोघांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं उलटली की शब्द आणि चाल मोकळी. 'मानापमान' (१९११) चे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १९४८ मध्ये गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये. दोन्ही मुदती संपल्या, बिनधास्त गा. मात्र त्याच पदाचं अलीकडचं ध्वनिमुद्रण वाजवायचं तर ध्वनिमुद्रणाचा परवाना वेगळा लागतो. ट्रॅकवर (ध्वनिमुद्रित साथीवर) गाणारे इथे अडकतात.

प्रश्न : मैदानात मागे बसलो की प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. (डोंबिवली)

आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. मागच्या गर्दीसाठी मंचापासून ३० मीटरवर जादा स्पीकर उभे केले असतील तर त्यांचा आवाज वायरीतून लगेच येतो आणि मंचाकडचा ८७ मिलिसेकंदांनी मागून. मागच्या स्पीकरना तेवढा उशीर, वर आणखी दहा-पंधरा मिलिसेकंद द्यायचे असतात, म्हणजे आवाज मंचाकडूनच येतोय असं वाटतं. मोठ्या मैदानांत ते विसरलं जातं किंवा स्पीकर ऐनवेळी दुसरीकडे हलवले जातात आणि आकडा जुनाच राहतो. मध्यंतरात कंट्रोल टेबलाशी जाऊन 'मागे दोनदा ऐकू येतंय' एवढंच सांगा, मिनिटभरात दुरुस्त होतं. तोवर त्या टेबलाच्या थोडं पुढे, मधोमध बसा.